मिटणारा स्क्रू

माझी ताई मणक्यांची सर्जन आहे आणि माझी बायको घडीच्या वस्तू बनवणाऱ्या कंपनीत इंजिनीअर. घडीच्या खुर्च्या, घडीच्या शिड्या, कॅमेऱ्यांच्या तिपाया. एक घडीचं टेबलही त्यांनी काढलं होतं. ते उद्घाटनाच्या भाषणातच मोठ्या साहेबांच्या कोपराखाली मिटलं. ते डिझाइन आपलं नव्हतं, असं बायको अजून शपथेवर सांगते.

या दोघींच्या मधे मी. माझं चष्म्यांचं दुकान आहे. खाली दुकान, वर घर. दोन मणक्यांच्या मधे एक मऊ गादी असते, ती दोन्हीकडचे धक्के मुकाट्यानं सोसते आणि जागची सरकेपर्यंत तिची कुणी विचारपूस करत नाही. “ती गादी म्हणजे आमचा धाकटा,” असं ताई माझी ओळख करून देताना सांगते.

बायकोला घरात सगळे चिमटी म्हणतात. बारीक बोटांची, बारीक अंगाची, आणि बोलली तर बारीकसा चिमटा काढणारी. ताईचं सगळंच ऐसपैस. आवाज, पावलं, हसणं, राग. ऑपरेशनच्या टेबलापाशी मात्र ती वेगळीच बाई होते म्हणे. तिथे ती कुजबुजते. त्यामुळे उरलेला आवाज ती आमच्याकडे घेऊन येते.

एका रविवारी ताई जेवायला आली ती पर्सही न ठेवता थेट स्वयंपाकघरात घुसली. ओट्यावरचा पाव उचलून तिनं टेबलावर आपटला, खिशातून एक स्क्रू काढला आणि पिळून पिळून पावात बसवला.

“ओढ,” ती मला म्हणाली.

मी ओढला. स्क्रू सहज हातात आला, सोबत थोडा भुगाही.

“बघितलंस? हे माझं आयुष्य!” ताई खुर्चीत कोसळली. “म्हातारं हाड आतून असं पावासारखं होतं. मणका सांधायला मी मागून दोन बाजूंनी स्क्रू घालते, वर दांडी जोडते, सगळं कसं छान बसतं. आणि काही महिन्यांनी बाई परत येते. स्क्रू सैल! काल एका बिचारीची पाठ पुन्हा उघडावी लागली. तिनं मला विचारलं, डॉक्टर, तुमच्याकडे नीट पिळायला कुणी नाही का?”

चिमटीनं स्क्रू माझ्या हातातून घेतला आणि उजेडाकडे धरून फिरवला. “हाडानं धरलं नाही तर स्क्रूनं धरायला पाहिजे.”

“तेच! आत जाताना बारीक, आत गेला की छत्रीसारखा उघडायला पाहिजे!” ताई ताडकन उभी राहिली. “छत्री! धाकट्या, ऐकलंस ना? ही माझी कल्पना. तू साक्षीदार.”

मी साक्षीदार झालो. पाव मात्र कुणी खाल्ला नाही.

चिमटीनं मागच्या खोलीत काम मांडलं. त्या खोलीत आधी माझ्या चष्म्यांच्या जुन्या फ्रेमांची खोकी होती. ती हळूहळू जिन्यात आली, मग पलंगाखाली, आणि मग मी विचारणं सोडून दिलं. खोलीत एक छोटं लेथ मशीन, वस्तू घट्ट धरणारा शिकंजा, कानशी, पितळेचे गज आणि भिंतीवर ताईनं आणून टांगलेला प्लास्टिकचा पाठीचा कणा. चिमटीनं आधी अंगठ्याएवढं मोठं पितळी मॉडेल केलं. बाहेरून साधा स्क्रू, टोकाला चार पाकळ्या. आतली दांडी पिळली की पाकळ्या फाकायच्या.

तो तयार झाला त्या दिवशी ताई इस्पितळातून तडक आली. सरावासाठी कृत्रिम हाडाचे ठोकळे मागवले होते, पण ते अजून यायचे होते. ताईला थांबवणं आमच्या आईवडिलांना जमलं नव्हतं, तिथे आम्ही कोण? तिची नजर आमच्या जेवणाच्या टेबलावर गेली.

“हे कशाचं आहे?”

“भुशाच्या फळीचं,” मी म्हणालो. “वर नुसता लाकडासारखा कागद. का?”

“वरून टणक, आतून भुसभुशीत. अगदी म्हातारा मणका!”

“ताई, आम्ही त्यावर जेवतो.”

“आत्ता जेवताय का?”

तिनं कोपऱ्यात भोक पाडलं, स्क्रू पिळला, आतली दांडी फिरवली. फळीतून करकर आवाज आला. मग मला सांगितलं, ओढ. मी दोन्ही हातांनी ओढला. पाय टेबलाच्या पायाला लावून ओढला. शेवटी मी मागे मागे आणि टेबल माझ्यामागून, अशी आमची वरात दारापर्यंत पोचली, पण स्क्रू तसूभर हलला नाही. ताईनं टाळ्या वाजवल्या, चिमटीला उचलून गरकन फिरवलं आणि मलाही एक धपाटा घातला.

“आता काढून दाखव,” ती म्हणाली.

चिमटीनं दांडी उलटी फिरवली. पाकळ्या थोड्या हलल्या, भुशात अडकल्या आणि एक वाकडी झाली. तिनं पुन्हा फिरवलं, मग पक्कड लावली, मग शांतपणे पक्कड खाली ठेवली.

“निघत नाही.”

“निघायला कशाला हवाय? घट्ट बसावा म्हणून तर केला ना?”

“ताई, उद्या आत जंतू शिरले आणि स्क्रू काढावा लागला तर?”

“तेव्हाचं तेव्हा बघू!”

ही माझी ताई म्हणाली! जी पाठ शिवण्याआधी कापसाचा बोळा न् बोळा पुन्हा पुन्हा मोजते, जी घराबाहेर पडताना गॅस बंद केल्याची खात्री करायला जिन्यावरून परत येते. आनंद माणसाला कुठे नेईल सांगता येत नाही. चिमटी तिच्याकडे बघतच राहिली.

“हे तुम्ही बोललात?”

ताईच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. “बरं, बरं. चूक. मग त्याचं तू बघ. उघडायचं मी सुचवलं, मिटायचं तू शोध.”

स्क्रू परत मिळवायला टेबलाचा कोपरा करवतीनं कापावा लागला. नवं टेबल लगेच घेऊ, असं ठरलं. अजून ठरलेलंच आहे.

पुढचे कित्येक महिने चिमटी मिटवण्याच्या मागे होती. ताईचं म्हणणं, मिटवायला एक वेगळी चावी कर. चिमटीनं तऱ्हेतऱ्हेच्या चाव्या केल्या. ठोकळ्यात घातलेला स्क्रू एकीनं अर्धा मिटला, दुसरीनं पूर्ण मिटला पण चावीच आत अडकली, तिसरी पाकळीसकट बाहेर आली. मधेमधे ताईचा फोन यायचा. “झालं का गं?” चिमटी म्हणायची, “होतंय.” हळूहळू ती नुसतं “हं” म्हणायला लागली. मग फोन मी घ्यायला लागलो.

एका सकाळी दुकानात मी एका आजोबांचे डोळे तपासत होतो. आजोबा खुर्चीत बसून समोरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचत होते आणि आपल्याला सगळं दिसतं हे सिद्ध करायला जे दिसत नव्हतं तेही वाचत होते. तेवढ्यात चिमटी जिन्यावरून धडधडत खाली आली आणि बरोबर तक्त्याच्या समोर उभी राहिली. केसांत पितळेचा कीस, हातात स्क्रू.

“मी दोन वेगळी कामं करत होते!” ती म्हणाली. “आधी मिटवा, मग काढा. म्हणूनच अडत होतं. ते एकच काम करायचं! आतल्या दांडीला उलटे आटे. काढायला म्हणून फिरवायला लागलं की आधी पाकळ्या आत ओढल्या जातात. त्या पुऱ्या मिटल्याशिवाय बाहेरचा स्क्रू फिरतच नाही. चावी नको, आठवण ठेवायला नको. सर्जननं विसरायचं म्हटलं तरी विसरता येणार नाही!”

तिनं तो ठोकळ्यात घातला, उघडला, आणि उलटा फिरवला. स्क्रू क्षणभर अडला. आत काहीतरी हळूच सरकलं आणि मग तो मुकाट बाहेर आला, पाकळ्या मिटून, शहाण्या मुलासारखा.

“मला हे स्पष्ट दिसलं,” आजोबा म्हणाले. “मला चष्मा नकोच आहे.”

ताईला कळल्यावर ती भर ऑपरेशनांच्या दिवशी फोनवर इतक्या मोठ्यानं ओरडली की मी फोन कानापासून लांब धरूनही चिमटीला सगळं ऐकू गेलं.

पेटंटवाले वकील ताईच्या एका मित्रानं सुचवले होते. त्यांची खोली एका जुन्या इमारतीत सगळ्यात वर होती, आणि त्या खोलीत बसायची जागा शोधावी लागायची. कपाटांवर, खिडकीत, जमिनीवर लोकांनी लावलेल्या शोधांचे नमुने. पाणी न सांडणारा मग, उन्हाकडे स्वतःहून वळणारी कुंडी, एक चप्पल जिचा उपयोग आम्हाला शेवटपर्यंत कळला नाही. वकील उंच, सडपातळ, सावकाश बोलणारे. आम्हाला बघून ते खुर्चीतून उठले, तेही सावकाश, एक हात टेबलावर टेकवून.

“चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली गादी,” ताई नमस्काराच्या ऐवजी म्हणाली. “उजव्या पायात मुंग्या येतात?”

“येतात. त्यांच्याकडे नंतर बघू. आधी मला सांगा, हा शोध तुम्ही बाहेर कुणाला सांगितलाय का? अर्ज करण्याआधी बोभाटा झाला तर तो नवा राहत नाही.”

“नाही,” चिमटी म्हणाली.

“नाही,” मी म्हणालो.

ताई छताकडे बघायला लागली.

“डॉक्टर?”

“फक्त एकाला. आणि तो भुलीखाली होता.”

“पेशंट?”

“पाठ उघडी होती, स्क्रू सैल निघाला, मला राहवलं नाही. मी त्याला म्हटलं, थोडा थांबून आला असतास तर तुला आमचा उघडणारा-मिटणारा स्क्रू घातला असता रे!”

“आणि भूल देणारे डॉक्टर?”

“ते शब्दकोडं सोडवत होते. त्यांना काही ऐकू येत नाही. मी त्यांना किती वेळा सांगितलंय की दिवा सरकवा.”

वकिलांनी डोळे मिटून घेतले. मग म्हणाले, एवढ्यानं काही बिघडत नाही, पण आता अर्ज जाईपर्यंत सगळ्यांच्या तोंडाला कुलूप. ताईनं ते पाळलं. त्या काळात ती आमच्याकडे यायची, ओठ घट्ट मिटून बसायची आणि मधेच आपोआप हसायची.

अर्जात दोन नावं गेली. आधी ताईचं, कारण ती मोठी, मग चिमटीचं. अर्जात मागण्या असतात, म्हणजे हे हे आम्ही शोधलं, त्यावर आमचा हक्क. पहिल्या मागण्या उघडण्याच्या, नंतरच्या मिटण्याच्या. अर्ज गेला आणि ताईच्या तोंडाचं कुलूप निघालं. “माझा स्क्रू” हे दोन शब्द इस्पितळाच्या लिफ्टमधे, जेवणाच्या खोलीत, गाड्या लावायच्या जागेत सगळीकडे ऐकू यायला लागले. पार्किंगचा रखवालदार तिला विचारायचा, “डॉक्टर, स्क्रू कुठवर आला?”

बऱ्याच काळानं पेटंट कार्यालयातल्या परीक्षकाचं उत्तर आलं. वकिलांनी आम्हा तिघांना बोलावलं. उठले नाहीत, म्हणजे पाठ जास्त दुखत असावी किंवा बातमी वाईट असावी.

“परीक्षक म्हणतात, आत जाऊन उघडणाऱ्या गोष्टी जुन्याच आहेत. भिंतीत घालायचे फाकणारे बोल्ट आहेत. हाडात उघडणारा स्क्रूसुद्धा आधी कुणीतरी केलेला आहे. त्यांनी तो शोधून काढलाय.”

“आमच्यासारखा?” ताईनं विचारलं.

“उघडतो तुमच्यासारखा. मिटत नाही. एकदा बसला की हाड फोडूनच काढायचा. म्हणूनच तो कुणी वापरत नाही. पण यांचं मिटणं,” त्यांनी चिमटीकडे मान वळवली, “काढायला फिरवतानाच मिटणं, हे कुणीही केलेलं नाही. परीक्षकांनाही ते मान्य आहे. उघडण्याच्या मागण्या मागे घेऊ, मिटण्याच्या ठेवू. पेटंट मिळेल.”

“मग घ्या की मागे!” ताई म्हणाली. “मी उगाच घाबरले.”

वकिलांनी समोरची कुंडी थोडी सरकवली. ती आपोआप पुन्हा वळली.

“डॉक्टर, एक गोष्ट आहे. जे मागणीत उरतं, ते ज्यानं शोधलं, त्याचंच नाव शोधक म्हणून राहतं. मिटण्याची कल्पना कुणाची?”

उत्तर सगळ्यांना माहीत होतं.

“म्हणजे माझं नाव काढायचं?” ताईचा आवाज एकदम ऑपरेशनच्या टेबलापाशी असतो तसा झाला, बारीक. “पावात स्क्रू घालून दाखवला कुणी? हाड कसं असतं ते सांगितलं कुणी?”

“तुम्ही. प्रश्न तुमचाच होता, आणि फार चांगला होता. पण प्रश्नाचं पेटंट मिळत नाही.”

ताईनं पर्स उचलली. “ठीक आहे,” असं म्हणाली आणि निघून गेली. दार तिनं हळूच लावलं. तिनं ते आपटलं असतं तर आम्हाला बरं वाटलं असतं.

नंतर रविवार ओस पडले. ताईची ऑपरेशनं रविवारीच निघायला लागली. फोन मला यायचे. “तुझ्या बायकोला सांग, प्लास्टिकचा कणा तिच्याकडेच राहू दे.” “तुझ्या बायकोला सांग, कानशी माझ्या कपाटात सापडली, पाठवून देते.” जी बाई चिमटीला उचलून गरगर फिरवायची, ती आता “तुझी बायको” म्हणत होती. चिमटी ऐकायची आणि मागच्या खोलीत जाऊन लेथ पुसायची. लेथ कधी नव्हे इतकं चकचकीत झालं.

“नाव राहू दे ना त्यांचं,” तिनं वकिलांना फोन करून सांगितलं. “माझी काही हरकत नाही.”

“हरकत कायद्याची आहे. खोटं नाव असलं तर पुढे कुणीही उठून तुमचं पेटंट पाडू शकेल.”

मग मी डोकं चालवलं. म्हटलं, ताईला पटकन काहीतरी शोधायला सांगू. एखादी छोटीशी सुधारणा. पाचवी पाकळी! वकील म्हणाले, अर्जात आता नवं काही घालता येत नाही, आणि पाचव्या पाकळीचा उपयोग काय? मी म्हटलं, घरात शांतता. ते म्हणाले, तो उपयोग कायद्यात बसत नाही.

शेवटी चिमटीनं जाहीर केलं, “मग मला पेटंटच नको. अर्ज मागे घ्या.”

हे मात्र मी ताईला कळवलं. गादीनं एवढं तरी करायला हवं.

ताई त्याच संध्याकाळी आली. जिना असा चढली की दुकानातल्या काचा हलल्या. मी मागोमाग गेलो आणि दारात थबकलो. चिमटी शिकंज्यापाशी उभी होती.

“वेडी आहेस का गं तू?” ताई गरजली. “अर्ज मागे घेणार म्हणे! उद्या कुणी दुसऱ्यानं केला तर?”

“करू दे.”

“करू दे काय? तो बिघडवून ठेवेल! चावी लावेल चावी!”

“चावी लावायचं तुम्हीच सांगितलं होतं, ताई.”

“म्हणून तर म्हणतेय!”

चिमटीच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं, पण तिनं ते आवरलं. ताई खोक्यावर बसली. ते माझ्या फ्रेमांचं खोकं होतं. आतून कचकन आवाज आला, पण ही वेळ बोलायची नव्हती.

“तू नाव सोडायला निघालीस, हे मला जास्त लागलं,” ताई म्हणाली. “मी एवढी लहान वाटले का तुला?”

“तुम्ही रविवारी यायचं बंद केलंत.”

“रुसले होते. रुसायला वयाची अट असते का?” तिनं भिंतीवरच्या कण्याकडे बघितलं. “मी इतकी वर्षं लोकांच्या पाठीत काय काय घालतेय. स्क्रू, दांड्या, मणक्यांमधले पिंजरे. त्यातलं एकही मी शोधलेलं नाही. कुणी शोधलं तेही माहीत नाही. हातात येतं, मी बसवते. एकदा वाटलं, एक तरी माझं असावं. आणि मी जगभर सांगून बसले गं. त्या रखवालदाराला आता काय तोंड दाखवू?”

“त्याला सांगा, प्रश्न माझा होता.”

“त्याला प्रश्नात रस नाही. त्याला स्क्रू पाहिजे.”

यावर मात्र चिमटी हसली. आधी नाकातून, मग मोठ्यानं, आणि मग तिच्या डोळ्यांतून पाणीच यायला लागलं. ताई उठली आणि तिनं चिमटीला जवळ ओढलं. त्या मिठीत चिमटी जवळजवळ दिसेनाशी झाली.

“अजून एक सांगते,” ताई तिच्या डोक्यावरून म्हणाली. “वकिलांनी सांगितलं ना, की तो जुना स्क्रू मिटत नाही, हाड फोडून काढावा लागतो, तेव्हा मला माझंच बोलणं आठवलं. मी तेव्हाचं तेव्हा बघू म्हणाले होते. तू ऐकलं असतंस तर मी तोच स्क्रू केला असता. आण ते कागद, मी सही करते.”

कागद वकिलांनी आधीच पाठवले होते. शोधक म्हणून आपलं नाव काढावं, याला संमती. टेकवायला सपाट जागा कुठेच नव्हती. लेथवर तेल, शिकंज्यावर कीस.

“वळ,” ताई म्हणाली. “पाठ दे.”

चिमटी वाकली आणि ताईनं तिच्या पाठीवर कागद ठेवून सही केली. “तिसरा मणका जरा वर आहे तुझा,” तेवढ्यातही ती म्हणाली.

पेटंट मिळालं. त्यावर एकच नाव. ताईनं त्याची मोठी प्रत काढून घेतली आणि आपल्या तपासणीच्या खोलीत लावली. पेशंटना वाटायचं, ती बाईंची पदवी आहे. स्क्रू खरा व्हायला पुढे बराच काळ गेला. एका कंपनीनं तो टायटेनियममधे केला, मग यंत्रांनी तो लाखो वेळा वाकवून पाहिला, मग परवानग्या. या सगळ्यात ताई चिमटीच्या बाजूनं अशी भांडली की कंपनीवाल्यांना शेवटपर्यंत वाटत होतं, शोध हिचाच असणार, दुसरी बाई नुसती सोबत येते. ताई दर वेळी त्यांना दुरुस्त करायची. ते आणखी मोठ्या आवाजात.

पहिली पेशंट मिळाली ती पोहण्याची निवृत्त प्रशिक्षक. आयुष्यभर तलावाच्या काठावर उभं राहून पोरांवर ओरडलेली. आता तिचा मणका दबून कंबर वाकली होती, पण आवाज सरळ होता. हाड ताईच्या भाषेत सांगायचं तर पावाचं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ताई तिला स्क्रू दाखवायला गेली. मी तेव्हा तिथेच होतो, कारण प्रशिक्षकबाईंचा चष्मा पडून वाकला होता आणि ताईनं मला दुरुस्तीला पाठवलं होतं.

“हा कुणी शोधला?” बाईंनी स्क्रू बोटांत धरून विचारलं. “तुम्ही?”

मी चष्म्याच्या दांडीवरून नजर वर केली. प्रश्न विचारल्यावर ताईला उत्तर द्यायला एरवी वेळ लागत नाही. या वेळीही लागला नाही.

“माझ्या भावजयीनं. मी फक्त बसवणार आहे.”

“आणि बिघडला तर?”

“तर मी काढू शकते. हा सुखानं निघतो. म्हणून तर मी तो तुम्हाला घालतेय.”

“हुशार दिसते भावजय.”

“भयंकर,” ताई म्हणाली. “घरात जेवायला धड टेबल नाही, पण हुशार आहे.”

ऑपरेशन नीट झालं. त्यानंतर काही महिन्यांनी प्रशिक्षकबाई तपासणीला येणार होत्या, तेव्हा त्यांनी निरोप धाडला की भावजयीला बोलवा, मला बघायचंय तिला. चिमटीला इस्पितळाच्या नुसत्या वासानं घेरी येते. तिला धरून आणायचं काम माझ्याकडे आलं. ताईच्या खोलीत ती भिंतीला टेकून उभी राहिली, हात खिशात, नजर जमिनीवर.

दार उघडलं आणि बाई आत आल्या. चालत. काठी होती, पण ती त्यांनी काखेत धरली होती, वापरत नव्हत्या. पाठ ताठ. ताईनं लावलेला एक्स-रे उजेडात दिसत होता. त्यात चारही स्क्रू, पाकळ्या उघडून, जिथल्या तिथे. चिमटीनं मान वर केली, एक्स-रेकडे बघितलं, मग बाईंच्या पाठीकडे, मग पुन्हा एक्स-रेकडे. आपण केलेली वस्तू कुणाच्या तरी अंगात चालत आलेली तिनं पहिल्यांदाच बघितली. तिचा हात नकळत पुढे झाला आणि अर्ध्यावर थांबला.

“लाव हात, लाव,” बाई म्हणाल्या. “तुझंच आहे आत.”

चिमटीनं दोन बोटं त्यांच्या कंबरेवर अलगद टेकवली. “दुखतं का?”

“पाठ नाही दुखत. पण एक त्रास झालाय. मी उंच झाले. इतके दिवस आरशात नुसता माथा बघून केस विंचरत होते, आता सगळा चेहरा दिसतो. किती सुरकुत्या आहेत! कुणी सांगितलं नव्हतं.”

“त्याचं पेटंट दुसऱ्या कुणाकडे तरी असेल,” ताई म्हणाली.

बाई हसल्या नाहीत. त्या चिमटीला खालून वर न्याहाळत होत्या, तलावात उडी मारायला घाबरणाऱ्या पोरीला न्याहाळावं तशा. मग त्यांनी ताईकडे बघितलं. ताई टेबलावर कोपर टेकून, मान पुढे काढून बसली होती. मग माझ्याकडे. मी दिवसभर लोकांच्या डोळ्यांत वाकून बघतो, माझं काय सांगावं.

“दुसऱ्यांच्या पाठी सरळ करता आणि स्वतः?” त्यांनी काठी जमिनीवर आपटली. “उभे राहा तिघंही! खांदे मागे! पोट आत! मान वर!”

आम्ही तिघं भिंतीला पाठ लावून ओळीनं उभे राहिलो. ताई मधे, आम्ही दोघं दोन्हीकडे. बाहेर बाकावरचे पेशंट दारातून डोकावून बघायला लागले, पण आमची हलायची हिंमत झाली नाही.

“श्वास सोडायला मी सांगितलेलं नाही,” बाई म्हणाल्या.